हाडजोडाचा वेल द्राक्षाच्या कुळातला, हे ओळखायचं कशावरून?

मुरूममाती

नागपुरात हाडजोड (कांडवेल) लावणारे पुष्कळ, पण बहुतेकांच्या लेखी तो निवडुंगच. चौकोनी, मांसल, कांड्यावर कांडं चढलेलं, पानं असून नसल्यासारखी. पुस्तकात मात्र तो द्राक्षाच्या कुळात, व्हायटेसीत. शास्त्रीय नाव सिसस क्वाड्रँग्युलॅरिस, लिनियसने १७६७ मध्ये दिलेलं.

माझं मत असं, की हा वेल ओळखायला फुलाची वाट पाहायची गरज नाही. एक पेरं नीट पाहिलं की काम होतं. पान, तणावा, मुळी, फुलोरा, एवढंच काय कूज लागायची ती पण पेऱ्यावरच. (धाग्यापुरतं: पेरं म्हणजे जोड, कांडं म्हणजे दोन जोडांमधला भाग, तणावा म्हणजे आधाराला गुंडाळणारा दोरा.)

जाणकारांना दोन प्रश्न. पेऱ्यावरच्या कोणत्या खुणा खरंच पक्क्या धरायच्या? आणि गच्चीवरच्या कुंडीत या वेलाला पानं अन् फुलं काहून येत नाहीत?

तर्रीपोहा

द्राक्षाचा नातेवाईक असेल तर वाइन निघते का, ते आधी सांगा. वर्गीकरण नंतर पाहू.

पर्णरंध्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तणाव्याची जागा. द्राक्षकुळात तणावा पानाच्या बरोबर समोर निघतो, पेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने. कृष्णकमळात तो पानाच्या बगलेतून येतो. कारलं, दोडका, काकडीत पानाच्या देठाशेजारून, साधारण काटकोनात. हे तिन्ही वेल शेजारी ठेवून पाहा, पुन्हा गफलत होणार नाही.

समोर निघण्याचं कारणही आहे. हा तणावा म्हणजे मुळात फुलोऱ्याचंच बदललेलं रूप. म्हणून फुलोराही पानासमोरच येतो, बगलेत नाही. द्राक्षाच्या वेलावर कधी कधी अर्धा तणावा आणि त्याच्या टोकाला चार-दोन मणी असा प्रकार दिसतो, तो याचाच पुरावा.

हाडजोडाचा तणावा साधा असतो, फाटे फुटत नाहीत. लांब, सुतासारखा, आधार सापडला की गुंडाळतो, नाही सापडला तर वाळून गळतो. त्यामुळे जुन्या कांड्यांवर तणावा शोधू नका. शेंड्याकडची तीन-चार पेरी बघा.

धंतोलीकर

एवढा खटाटोप कशाला? चार धारा मोजल्या की झालं. नावातच चौकोन आहे.

पर्णरंध्र

@धंतोलीकर, चार धारांवर विसंबून लोकांनी भलतंच लावलेलं आहे. नर्सरीत हाडजोड म्हणून जे विकतात त्यात तीन धारी निवडुंग, ड्रॅगनफ्रूटचे तुकडे, झालंच तर माकडशिंगपण सापडतं. माकडशिंगाचं खोड चौधारीच असतं. सावलीत वाढलेल्या हाडजोडाच्या धारा इतक्या बुजतात की खोड जवळजवळ गोल भासतं. उलट भर उन्हातल्या कांड्याच्या धारेला पातळ चिवट पंख येतो आणि त्याची कड तांबूस तपकिरी होते.

धारा मोजा, पण सोबत हेही बघा. चांगल्या वाढलेल्या वेलाचं कांडं साधारण ८ ते १० सेंटिमीटर लांब, सव्वा ते दीड सेंटिमीटर रुंद. पेऱ्यावर खोड एकदम आवळलेलं. काटा कुठेही नाही.

सातपुडा_पायवाट

यात चिकाची खूण राहिली. कांडं मोडा. पांढरं दूध आलं तर तो निवडुंग म्हणजे युफोर्बिया, हाडजोड नव्हे, लगेच हात धुवा. तो चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि डोळ्याला इजाही होते. भरपूर पाण्याने धुऊन सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. हाडजोडातून दूध येत नाही, पाण्यासारखा किंचित चिकट रस येतो.

ड्रॅगनफ्रूटच्या धारेवर थोड्या थोड्या अंतराने लवदार ठिपका आणि त्यात बारीक काटे असतात. माकडशिंग वेलासारखं चढतच नाही आणि त्याला तणावा नाही. तीन चाचण्या, तीन मिनिटं.

गच्चीबाग_ताई

माझ्याकडच्या वेलाच्या शेंड्यावर पावसाळ्यात दोन-तीन पानं दिसतात, मग कुठे जातात कोण जाणे. काही पानं हृदयाच्या आकाराची आहेत, काही तीन टोकांची. एकाच वेलावर दोन तऱ्हा कशा?

पर्णरंध्र

ताई, दोन्ही त्याचीच. पानं साधी, एकाआड एक, मांसल, कडेला विरळ दाते. कोवळ्या फांदीवर अंडाकृती किंवा हृदयाकृती, जोमदार फांदीवर तीन खंडांची. रुंदी बहुधा ५ सेंटिमीटरच्या आतबाहेर. देठाच्या बुडाशी दोन छोटी उपपर्णं असतात, तीही लवकर झडतात. झडल्यावर पेऱ्यावर आडवा व्रण राहतो. तो सापडला की समजायचं इथे पान होतं, आणि त्याच्या समोरची बारीक खूण म्हणजे तणाव्याची जागा. म्हणजे बिनपानाचा वेलही ओळखता येतो.

पानं गळणं हा रोग नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते तोवर वेल पानं ठेवतो. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की टाकून देतो, आणि हिरवं खोडच पानाचं काम करतं.

ऑक्सलेट

इथे थोडं शरीरक्रियेचं. हाडजोडाच्या खोडाची त्वग्रंध्रं (हवा आत-बाहेर करणारी सालीवरची बारीक छिद्रं) दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा रंध्रं बंद ठेवून उन्हाच्या जोरावर तो वापरायचा. निवडुंग आणि अननसही हेच करतात. याच वेलाची पानं मात्र मुख्यतः साध्या झाडांसारखी दिवसा रंध्रं उघडतात. एकाच वेलावर दोन पद्धती. म्हणून पान पाण्याला महाग पडतं आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी त्याचाच बळी जातो.

शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. सूर्य उगवायच्या आधी एक कांडं कापा, ५ ग्रॅम तुकडा ठेचून २० मिलिलिटर पाण्यात कालवा, पीएच पट्टी बुडवा. त्याच वेलाचं त्याच वयाचं दुसरं कांडं संध्याकाळी पाचला घ्या. सकाळचा रस जास्त आंबट निघतो. आदला दिवस ढगाळ असेल तर फरक कमी येतो. चाखून बघू नका, का ते पुढे येईलच.

तर्रीपोहा

म्हणजे हा वेल नागपूरकरच. मे महिन्यात दिवसभर दारं-खिडक्या बंद, सगळा कारभार रात्री.

धंतोलीकर

😀 फक्त कूलर तेवढा नाही लावत.

मुरूममाती

कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कूलरखाली कुंडी ठेवू नका. टाकीचं थेंब थेंब पाणी पडत राहतं, माती कधी सुकत नाही, आणि आटलेल्या पाण्याचे क्षारही मातीत साचतात. पंधरवड्यात खालचं पेरं काळं पडून मऊ होतं. वरचं खोड मात्र हिरवंगार दिसत राहतं, कारण त्याच्याकडे स्वतःचा साठा असतो. म्हणून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

निंबोणी

कूज लागली तर वेल वाचतो का?

मुरूममाती

वाचतो, बुड नाही वाचत. काळं पेरं सोडून वरची दोन पेरी आणखी कापायची. काप पाहायचा. आत तपकिरी ठिपके दिसले तर अजून वर जायचं. स्वच्छ हिरवट-पांढरा काप आला की तिथून नवी कलमं करायची. जुनी माती पुन्हा वापरू नये.

कलमाची रीत अशी. दोन-तीन पेऱ्यांचा, बोटाएवढ्या जाडीचा तुकडा. अगदी शेंड्याचा नको, तो लिबलिबीत होऊन सडतो. अगदी बुडाचा तंतुमय तुकडाही नको, त्याला फुटवा उशिरा येतो. सावलीत ४-५ दिवस काप सुकू द्यायचा. मग एक पेरं मातीत आणि बाकीचं वर. मुळी पेऱ्यातूनच येते, त्यामुळे नुसतं कांडं पुरून पेरं बाहेर ठेवलं तर ते बसल्या बसल्या सुकतं. उलटं लावू नये. कापतानाच खालच्या टोकाला तिरपा काप आणि वरच्याला सरळ काप द्यायची सवय ठेवली की घोळ होत नाही.

माती: एक भाग बागेतली, एक भाग जाड रेती किंवा बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. आपली काळी माती एकटी चालत नाही. पावसाळ्यात ती फुगून हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगा पाडून मुळ्या तोडते. कुंडी १२ इंची पुरे, खाली भोकं मोकळी हवीत. पहिलं पाणी लावल्यावर आठवड्याने. पुढे उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी. पावसात कुंडी आडोशाला.

गच्चीबाग_ताई

माझ्याकडे नवी कांडी फार लांबुडकी आणि बारीक येताहेत, थोड्या वाऱ्याने पेऱ्यावर तुटतात. शेणखत भरपूर आहे.

मुरूममाती

दोन्ही एकत्र झालंय, ऊन कमी आणि नत्र जास्त. निदान चार-पाच तास थेट ऊन द्या, खत सहा महिने बंद. पेऱ्यावर तुटणं हा तसा त्याचा धर्मच आहे. रानात तुटून पडलेलं कांडं तिथेच रुजतं, बियांपेक्षा हा पसारा जास्त. पण सुदृढ वेल नुसत्या वाऱ्याने तुटत नाही.

आधाराचंही बघा. हा वेल भिंतीला चिकटत नाही. याच कुळातल्या पार्थेनोसिससच्या तणाव्यांना टोकाशी चिकट चकत्या असतात, तो सपाट भिंत चढतो. हाडजोडाला गुंडाळायला पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी लागतं. दोन इंची जाळी उत्तम. बांबू नुसता उभा केला तर तणाव्याच्या कवेत येत नाही, त्याला सुतळी गुंडाळावी लागते. आणि जाळी भक्कम बांधा, पावसाळ्यात पाणी पिऊन वेल जड होतो.

निंबोणी

पावसाळी फुटव्यावर, पानांच्या मागे आणि कोवळ्या खोडावर पारदर्शक बारीक मणी दिसताहेत. किडीची अंडी असावीत. निंबोळी अर्क मारू का?

पर्णरंध्र

थांबा, मारू नका. आधी भिंगातून पाहा. मणी काचेसारखे, एकेकटे, कुठेही विखुरलेले, आणि बोट लावताच गळून पडणारे असतील तर ती अंडी नाहीत, वेलाच्याच त्वचेवरच्या मोतीग्रंथी आहेत. द्राक्षकुळात सर्रास दिसतात, द्राक्षावर, सिससवर, सगळीकडे. दमट हवेत आणि जोमाच्या वाढीत जास्त येतात. मुंग्या त्या खातात, म्हणून मुंग्याही दिसतील. किडीची अंडी एका जागी पुंजक्याने घातलेली असतात आणि सहसा घट्ट चिकटलेली. कापसासारखं पांढरं काही पेऱ्याच्या खाचेत दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याला ब्रशने पुसून काढा आणि साबणाचं पाणी लावा, लिटरला ५ मिली.

माझ्या मते पेऱ्याच्या खालोखाल ही कुळाची छान खूण आहे. निवडुंगावर अशा मोतीग्रंथी कधी दिसणार नाहीत.

सातपुडा_पायवाट

पावसाळ्यात एका रात्रीत शेंडे आणि पानं फस्त झाली आणि खाली मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडल्या असतील, तर शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी शोधा. हॉक पतंगाची. हिप्पोटियन सेलेरिओ ही जात द्राक्षकुळावर ठरलेली. दिवसा ती खोडाला चिकटून असते, रंगामुळे दिसत नाही. लेंड्या जिथे पडल्या त्याच्या बरोबर वर पाहायचं. हाताने उचलून दूर आंबटवेलीवर सोडून द्या, फवारणीची गरज नाही. पतंगालाही बाहेर कामं आहेत.

धंतोलीकर

ही आंबटवेल कोणती?

सातपुडा_पायवाट

पावसाळ्यात नागपूरभर कुंपणं झाकून टाकते ती. तीन पर्णिकांचं संयुक्त पान, तणाव्याला फाटे, फुलं हिरवट पांढरी, फळं पिकली की काळी. कॉझोनिस ट्रायफोलिया. जुन्या पुस्तकात केरेशिया ट्रायफोलिया सापडेल. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये झुडपांवर शोधा. गंमत म्हणजे तिचा तणावा पानासमोर, पण फुलोरा बहुधा बगलेत दिसतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या जागेवरून कूळ ठरवायला गेलात तर इथे फसाल. तणावा धरून चला.

विदर्भाच्या जंगलात तिसरा भाऊ आहे, रानद्राक्ष, अँपेलोसिसस लॅटिफोलिया. मोठी, खंडित, द्राक्षासारखी पानं, जमिनीखाली कंदासारख्या मुळ्या. उन्हाळ्यात वर काही उरत नाही, पहिल्या पावसात नवा वेल. फुलोरा तांबूस तपकिरी, आणि त्याच्या दांड्यावरच तणावा असतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी हा वेल चुकत नाही.

तर्रीपोहा

आणि नर्सरीवाला मला परदा बेल देऊन राहिला द्राक्षकुळातली म्हणून, ती?

पर्णरंध्र

आधी तणावा बघा 🙂

परदा बेल या नावाने दोन वेगळे वेल विकले जातात. एक टार्लमुनिया, जुनं नाव व्हर्नोनिया. हा सूर्यफुलाच्या कुळातला. पानं लांबट, खालून रुपेरी राखाडी, तणावा नाही, बारीक फांद्याच झालरीसारख्या लोंबतात. गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडलेला असतो तो बहुतेक हाच. नागपूरचं ऊन सोसतो.

दुसरा सिसस व्हर्टिसिलेटा, मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातला, आणि हा खरा हाडजोडाचा चुलतभाऊ. पानं हृदयाकृती, हिरवीगार. पेऱ्यांमधून दोऱ्यासारखी हवाई मुळं सरळ खाली सुटतात, नवी असताना गुलाबी-लाल, मग तपकिरी. पडदा होतो तो मुळांचा, फांद्यांचा नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मुळांची टोकं जळतात, म्हणून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला, दुपारची सावली असेल तिथेच लावा. मुळं जमिनीला टेकू देऊ नका. टेकली की रुजतात, घट्ट होतात, वेल बेफाम सुटतो. जमिनीपासून हातभर वर कापत राहायचं.

ऑक्सलेट

अवांतर: याच कुळातला टेट्रास्टिग्मा माहीत आहे का? जगातलं सगळ्यात मोठं फूल, रॅफ्लेसिया, फक्त याच वेलावर परजीवी म्हणून जगतं. स्वतःला ना पान, ना खोड. आपल्याकडे अरुणाचलात त्याचं लहान भावंड साप्रिया हिमालयाना, तेही टेट्रास्टिग्माच्या मुळांवर. सुमारे ९५० जातींचं कूळ आहे हे, त्यातल्या तीनशेच्या आसपास एकट्या सिससच्या. द्राक्षाने नाव कमावलं, पण शिरगणतीत सिससच मोठा.

रेल्वेलाइन_अजनी

खाण्याचं कोणीच बोललं नाही! तमिळ घरांत याला पिरंडै म्हणतात आणि तुवैयल करतात, तेलुगूत नल्लेरू आणि त्याची पच्चडी. कृती देते.

फक्त कोवळी कांडी, शेंड्याकडची तीन-चार. नखाने सहज मोडतील ती. हातांना आधी तेल चोळा, नाहीतर खाज सुटते. पेरी कापून टाका, चारही धारा सोलून काढा, अर्ध्या इंचाचे तुकडे करा. एक वाटी तुकडे, दोन मोठे चमचे तिळाचं तेल. मध्यम आचेवर ८-१० मिनिटं परता. पोपटी रंग जाऊन मळकट तपकिरी झाला पाहिजे. त्याच कढईत दोन चमचे उडीद डाळ आणि ४-५ सुक्या मिरच्या खमंग करा. लहान लिंबाएवढी चिंच, पाव वाटी ओलं खोबरं, मीठ, हवा तर गुळाचा खडा. सगळं जाडसर वाटा. गरम भात, वरून तेल.

घसा खवखवला तर कारणं तीनच: कांडी जून होती, परतणं कमी पडलं, किंवा चिंच कमी पडली.

ऑक्सलेट

खवखव येते ती कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अळूचीच तऱ्हा. म्हणूनच वर म्हटलं, कच्चं चाखू नका. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी हा पदार्थ दुसऱ्याच्या ताटातच पाहावा. "कॅल्शियम भरपूर म्हणून हाडं जुळतात" असं जे फॉरवर्ड फिरतं त्यात हा मुद्दा गाळलेला असतो. त्यातलं बरंच कॅल्शियम ऑक्सलेटमध्येच अडकलेलं असतं, ते अंगी लागत नाही.

तर्रीपोहा

सावजी मसाल्यात टाका. खाज कशाने सुटली ते कोणाला कळणारच नाही.

वैद्य_रामटेक

@ऑक्सलेट, कॅल्शियमचं बरोबर, पण त्यावरून वेल निकामी ठरत नाही. आयुर्वेदात अस्थिसंहृत म्हणून हा प्रसिद्ध आहे, लाक्षा गुग्गुळात घटक आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपा आणि डॉ. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात मोडलेलं हाड भरून येण्यावर प्राण्यांमध्ये काम केलं, आणि भरणी लवकर होते असं त्यांना दिसलं. गुण कॅल्शियमचा नसून रसातल्या इतर द्रव्यांचा मानतात.

ऑक्सलेट

प्राण्यांवरचं काम मान्य. माणसाच्या मोडलेल्या हाडाला मात्र आधी एक्स-रे, हाड जागेवर बसवणं आणि प्लास्टर. हाड वाकडं असताना लवकर भरलं तर ते वाकडंच भरेल. लेप बांधून आठवडाभर घरी बसणारे लोक अजून आहेत.

वैद्य_रामटेक

यात दुमत नाहीच. आणि ताज्या कांड्याचा ठेचा उघड्या जखमेवर किंवा नाजूक कातडीवर बांधू नये, फोड येतात. ज्यांची रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं सुरू आहेत त्यांनी विचारल्याशिवाय चूर्णही घेऊ नये.

मुरूममाती

औषधाचा वेगळा धागा काढू या का? माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. फुलं!

पर्णरंध्र

फुलं येतात, कुंडीवाले येऊ देत नाहीत. फुलोरा नव्या, पानं असलेल्या फुटव्यावर पानासमोर येतो, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. नेमक्या त्याच काळात लोक कलमांसाठी, चटणीसाठी, नीटनेटकं दिसावं म्हणून शेंडे कापतात. शेंडा गेला की फुलोऱ्याची जागाच गेली. जूनपासून कात्री बंद ठेवा, एक-दोन फांद्या जाळीच्या वर उन्हात जाऊ द्या.

फूल ३-४ मिलिमीटरचं, म्हणून चुकतं. दहापटीचं भिंग हवं. आखूड दांड्यावर छत्रीसारखे छोटे झुपके असतात. सकाळी पाहा, पाकळ्या लवकर गळतात. पाहायचा क्रम असा. बाहेर पेल्यासारखी, जवळजवळ बिनदात्यांची संदलं (पाकळ्यांबाहेरचं हिरवं आवरण). मग चार पाकळ्या, हिरवट, आतून तांबूस झाक. चार पुंकेसर, आणि ते पाकळ्यांच्या बरोबर समोर, दोन पाकळ्यांच्या मधोमध नाहीत. बहुतेक वनस्पतींत ते मधोमध असतात, त्यामुळे ही खूण मोलाची. मध्ये चार खंडांचं बिंब (चकतीसारखा भाग), त्यात मध, म्हणून मुंग्या, गांधीलमाश्या. किंजपुट (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) दोन कप्प्यांचं.

द्राक्षाशी फरक कळीतच दिसतो. द्राक्षाच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात आणि टोपी उडावी तशा एकत्र निघून पडतात. सिससच्या चार पाकळ्या सुट्या उघडतात.

तर्रीपोहा

आणि फळ? वाइनचं काय ते एकदा सांगून टाका.

पर्णरंध्र

फळ वाटाण्याएवढं, गोल, पिकल्यावर लाल. आत बहुधा एकच बी, आणि त्याने सगळी जागा व्यापलेली. गराची नुसती सालपट. त्यात पुन्हा खाजरे स्फटिक. नाशिकला जा भाऊ.

बी मात्र जपून ठेवा. बियांच्या काळ्या मनुका आणा, एक बी धुऊन शेजारी ठेवा. द्राक्षाच्या बीला पोटाकडे मधला कणा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन खोबणी दिसतील, पाठीवर गोलसर ठसा. सिससच्या बीलाही पोटाकडे कणा आणि दोन खोबणी आहेतच, पण अरुंद, आणि पाठीवरचा ठसा गोल नसून लांबट रेघेसारखा. ही दोन खोबणींची ठेवण सबंध कुळात सापडते. जीवाश्म बियाही त्यावरूनच द्राक्षकुळातल्या म्हणून ओळखतात.

धंतोलीकर

चार धारांचा हट्ट सोडला. तणावा, मोतीग्रंथी, पाकळीसमोरचा पुंकेसर, दोन खोबणी. बरोबर ना?

सातपुडा_पायवाट

आणि दूध नाही. ते आधी.

गच्चीबाग_ताई

आता पाऊस सरत आला आहे. या आठवड्यात कलमं लावली तर चालतील का, की फेब्रुवारीची वाट पाहू?

मुरूममाती

आता लावा, पण दसऱ्याच्या आत. रात्री गार पडू लागल्या की मुळी सुटायला फार वेळ लागतो आणि ओल्या मातीत तुकडा सडतो. उशीर झालाच तर कापलेली कांडी मातीत न घालता सावलीत जाळीच्या टोपलीत नुसती टांगून ठेवा. दोन-तीन महिने हिरवी राहतात. फेब्रुवारीच्या शेवटी लावा, आणि मे लागायच्या आत मूळ धरेल अशा बेताने पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. तिथे नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) जुना वेलसुद्धा लाल पडून सुरकुततो.